कोणते पाटील? संशोधकांच्या ओळख-क्रमांकाविषयी

सातारा शहराच्या पश्चिमेला कासचे पठार आहे. पावसाळ्यात त्यावरील उथळ डबक्यांत ‘वायतुरा’ नावाची एक पाणवनस्पती फुलते. दोन फाट्यांचा नाजूक तुरा पाण्याबाहेर डोकावत असतो. तिचे शास्त्रीय नाव ‘अपोनोजेटॉन सातारेन्सिस’. वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथात या नावापुढे तिचे वर्णन प्रथम करणाऱ्यांची नावे संक्षेपाने दिलेली असतात : ‘सुंदरराघ., ए. आर. कुलक. आणि एस. आर. यादव’. याच भागात सापडणारे एक कंदीलपुष्प आहे, ‘सेरोपेजिया जैनी’. त्याच्यापुढे लिहिलेले असते ‘अन्सारी आणि बी. जी. कुलक.’

येथे दोन कुलकर्णी आले. एकाच सह्याद्रीत, साधारण एकाच काळात काम करणारे, पण निरनिराळे. त्यांची गल्लत होऊ नये म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञांनी एक शिस्त पाळली आहे. वनस्पतीला नाव देणाऱ्या प्रत्येक व्यक्तीचा एकच संक्षेप ठरवायचा आणि तो दुसऱ्या कोणालाही द्यायचा नाही. लिनियसच्या वाट्याला नुसते ‘एल.’ हे एक अक्षर आले. बाकीच्यांना आडनाव, आद्याक्षरे अशी भर घालून वेगळे करावे लागले. अशा संक्षेपांची मोठी सूची ब्रमिट आणि पॉवेल यांनी लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातून १९९२ साली प्रसिद्ध केली. त्यामुळे ‘एस. आर. यादव’ म्हणजे शिवाजी विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले यादव, हे जगातील कोणत्याही वनस्पतिसंग्रहालयात बसून कळते.

वनस्पतींना नावे देणाऱ्यांची ही सोय झाली. बाकीच्या विज्ञानशाखांत मात्र शोधनिबंधावर नुसते नाव छापायचे आणि वाचणाऱ्याने काय तो अंदाज बांधायचा, अशीच रीत बराच काळ होती. आमच्या सातारा-सांगली भागात हा अंदाज विशेष अवघड जातो.

कर्मवीर भाऊराव पाटील, क्रांतिसिंह नाना पाटील, वसंतदादा पाटील, राजारामबापू पाटील : सांगली-साताऱ्याच्या सार्वजनिक जीवनातली ही चार मोठी माणसे, आणि चौघांचे आडनाव एकच. पाटील हे मुळात गावच्या वतनाचे पद. जितकी गावे तितकी पाटील घराणी. कुलकर्ण्यांचेही तेच. आता या भागातील संशोधकांची नावे नियतकालिकाच्या पद्धतीने, म्हणजे आडनाव आणि दोन आद्याक्षरे अशी छापली, तर काय होईल याचा हिशोब वर्गात करून पाहण्यासारखा आहे. इंग्रजीत अक्षरे २६. दोन आद्याक्षरांच्या जोड्या २६ × २६ = ६७६. इतक्या जोड्या असताना दोन पाटलांची आद्याक्षरे जुळायला शेकडो पाटील लागतील असे वाटते. प्रत्यक्षात ३१ पाटील जमले की त्यांच्यापैकी कोणा दोघांची आद्याक्षरे सारखी असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त होते. कारण ३१ जणांच्या जोड्या ४६५ होतात आणि जुळण्याची संधी प्रत्येक जोडीला मिळते. शिवाय हा हिशोब सगळी अक्षरे सारख्याच प्रमाणात येतात असे मानून केलेला आहे. मराठी नावांत ‘एस’, ‘आर’, ‘ए’, ‘पी’, ‘व्ही’ यांची गर्दी असते आणि ‘क्यू’ किंवा ‘एक्स’ शोधूनही सापडत नाही. तेव्हा खरी गल्लत याहूनही लवकर होते. शाळेच्या हजेरीपटावरून हा प्रयोग सहज करता येईल.

ही झाली एका नावाची अनेक माणसे. याच्या उलट, एका माणसाची अनेक नावे हा प्रकारही कमी नाही. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे. समजा ‘पाटील सुरेश बाबुराव’ असे नाव लिहून निबंध परदेशी पाठवला. तिकडच्या संगणकाला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव एवढेच ठाऊक. सुरेशरावांची तो ‘बाबुराव, पी. एस.’ अशी नोंद करून मोकळा होतो. लक्ष्मण हे नाव कोणी ‘एक्स’ घालून लिहितो, कोणी ‘के-एस-एच’ घालून. दीक्षितांचेही तसेच.

स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर आहे. कमला भागवत यांनी १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. त्यांचे त्या काळातील निबंध ‘के. भागवत’ या नावाने छापलेले आहेत. १९४७ मध्ये विवाह झाल्यावर त्या कमला सोहोनी झाल्या आणि नीरेवरचे व इतर संशोधन त्या नावाने प्रसिद्ध झाले. त्यांचे चरित्र आपल्याला माहीत आहे म्हणून दोन्ही नावे आपण एकत्र जोडतो. ग्रंथसूची बनवणाऱ्या यंत्राला चरित्र माहीत नसते. त्याच्या दृष्टीने एक संशोधिका १९४० च्या दशकात अचानक थांबली आणि दुसरी अचानक सुरू झाली. आजही एखाद्या प्राध्यापिकेच्या पदोन्नतीच्या वेळी लग्नापूर्वीचे निबंध ‘तुमचेच कशावरून?’ असे विचारले जाते, तेव्हा तिला राजपत्र आणि प्रतिज्ञापत्र घेऊन फिरावे लागते.

माणसाच्या नावाला आधार म्हणून संस्थेचे नाव घ्यावे, तर तेही स्थिर नाही. सांगलीचे विलिंग्डन महाविद्यालय १९१९ साली सुरू झाले. ते आधी मुंबई विद्यापीठाशी, मग पुणे विद्यापीठाशी आणि १९६२ पासून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न झाले. जिल्ह्याचे नावही मधल्या काळात बदलले. १९६० पर्यंत तो ‘दक्षिण सातारा’ होता. साताऱ्यात यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्ससह रयत शिक्षण संस्थेची तीन महाविद्यालये मिळून २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. तेथील एखाद्या प्राध्यापकाने खोलीच काय, खुर्चीही बदललेली नसेल, पण त्याच्या २०२० च्या निबंधावर एका विद्यापीठाचे नाव आहे आणि २०२३ च्या निबंधावर दुसऱ्याचे.

शाळेत काम करणाऱ्यांना या दुखण्याचा एक भाऊबंद चांगला परिचित आहे. प्रत्येक शाळेचे एक जनरल रजिस्टर असते आणि त्यात विद्यार्थ्याला क्रमांक मिळतो. तो क्रमांक त्या शाळेपुरता. दाखला घेऊन मूल कराडहून इस्लामपूरच्या शाळेत गेले की नवा क्रमांक, आणि दोन क्रमांकांना जोडणारा एकच धागा म्हणजे हातातला तो कागद. २०१५ मध्ये राज्यात ‘सरल’ प्रणाली आली तेव्हा मुलाबरोबर शाळेतून शाळेत जाणारा क्रमांक देण्यामागे हाच विचार होता. विद्यापीठातला पी. आर. एन. नावाने ‘पर्मनंट’ असला तरी त्याचे कायमपण विद्यापीठाच्या हद्दीत संपते.

संशोधकांसाठी असा हद्द ओलांडणारा क्रमांक १६ ऑक्टोबर २०१२ पासून उपलब्ध आहे. त्याचे नाव ऑर्किड. कासच्या पठारावरील आमरीच्या फुलांशी त्याचा संबंध नाही. ‘ओपन रिसर्चर अँड कॉन्ट्रिब्यूटर आयडी’ या शब्दांची आद्याक्षरे जुळवून ते नाव केले आहे. ना-नफा तत्त्वावरील एक आंतरराष्ट्रीय संस्था ही नोंदवही सांभाळते. संशोधकाला नोंदणी विनामूल्य आहे. खर्च विद्यापीठे, प्रकाशक यांसारख्या सभासद संस्थांच्या वर्गणीतून भागतो. २०२० च्या अखेरीस नोंदींची संख्या एक कोटीवर पोचली होती.

क्रमांक सोळा स्थानांचा, चार-चारच्या गटांत लिहिलेला. या अंकांना काहीही अर्थ नाही, आणि हेच त्याचे बळ आहे असे आम्हांला वाटते. आपल्या कार्यालयांना क्रमांकात अर्थ कोंबण्याची हौस फार. पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे तीन महाविद्यालयाचे, मग विषयाचा संकेत! असा क्रमांक पाहताक्षणी बरेच सांगतो खरा, पण माणसाने विषय किंवा महाविद्यालय बदलले की तो खोटे बोलू लागतो. मग नवा क्रमांक द्यावा लागतो आणि साखळी तुटते. जो क्रमांक काहीच सांगत नाही त्याला बदलण्याचे कारणच पडत नाही.

सोळावा अंक मात्र स्वतंत्र नाही. तो आधीच्या पंधरांवरून काढलेला तपासणी-अंक असतो. तो कसा निघतो हे एका उदाहरणाने पाहू. ऑर्किडच्या माहितीपत्रकांत नमुन्यादाखल ००००-०००२-१८२५-००९७ हा क्रमांक दिलेला असतो. तो जोसाया कारबेरी यांचा. हे गृहस्थ अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाचे ‘प्राध्यापक’. त्यांचा विषय तडकलेल्या मडक्यांचे मानसशास्त्र. अर्थात ते अस्तित्वातच नाहीत. १९२९ पासून त्या विद्यापीठात चालत आलेली ती एक थट्टा आहे, त्यामुळे त्यांचा क्रमांक वापरला तर कोणाची तक्रार येत नाही.

कृती अशी. शून्यापासून सुरुवात करायची. डावीकडून एकेक अंक घ्यायचा, आतापर्यंतच्या बेरजेत मिळवायचा आणि आलेल्या संख्येची दुप्पट करायची. सुरुवातीची सात शून्ये काही बदलत नाहीत. मग २ येतो : दुप्पट ४. पुढे १ : ५ ची दुप्पट १०. मग ८ : १८ ची दुप्पट ३६. मग २ : ३८ ची ७६. मग ५ : ८१ ची १६२. पुढची दोन शून्ये : ३२४, ६४८. शेवटी ९ : ६५७ ची दुप्पट १३१४. या संख्येला ११ ने भागले की बाकी ५ उरते. ती १२ मधून वजा केली की ७. हाच सोळावा अंक. (वजाबाकी ११ आली तर ० लिहायचे, १२ आली तर १. आणि १० आली तर? एका स्थानात दहा मावत नाहीत, म्हणून तेथे रोमन दहा, म्हणजे ‘एक्स’ हे अक्षर लिहितात. दहा अंकी आयएसबीएन असलेल्या जुन्या पुस्तकांच्या मलपृष्ठावर शेवटी कधी कधी दिसणारा ‘एक्स’ याच जातीचा.)

आता लिहिताना कोणी ८ आणि २ यांची अदलाबदल केली, १८२५ च्या जागी १२८५ लिहिले, तर काय होते? बेरजा ४, १०, २४, ६४, १३८, २७६, ५५२ अशा जातात आणि शेवटी ११२२ येते. ११ ने भागल्यावर बाकी शून्य, म्हणून तपासणी-अंक १ यायला हवा. कागदावर तर ७ आहे. संगणक तेथेच अडवतो. भाजक म्हणून ११ का घेतला याचे उत्तर ती मूळ संख्या आहे यात आहे. या कृतीत प्रत्येक अंकाला २ च्या कोणत्या ना कोणत्या घाताने गुणले जाते. एखादा अंक चुकला तर बेरजेत पडणारा फरक म्हणजे १ ते ९ मधील एक संख्या गुणिले २ चा घात. त्याला ११ ने कधीही नि:शेष भाग जात नाही, म्हणून एका अंकाची चूक नेहमी पकडली जाते. शेजारच्या दोन अंकांची अदलाबदलही सुटत नाही. पहिल्या पंधरांत बरोबर दहा स्थाने अंतर असलेले अंक बदलले गेले तर मात्र पत्ता लागणार नाही, कारण २ चा दहावा घात १०२४, आणि त्याला ११ ने भागल्यावर बाकी १ उरते. अशी चूक हाताने होणे दुर्मिळच. उच्च माध्यमिकच्या मुलांना बाकींचे गणित शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

क्रमांक हाती आला म्हणजे काम झाले असे नाही. खरी अडचण पुढे, विद्यापीठाच्या इमारतीत आहे. आस्थापना शाखेत प्राध्यापकाचा एक क्रमांक असतो, पगाराच्या ‘सेवार्थ’ प्रणालीत दुसरा. पीएच.डी. विभागात मार्गदर्शक म्हणून तिसरी नोंद. ग्रंथालयाच्या प्रबंधसंग्रहात फक्त नाव. अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडे एक भली मोठी तक्ता-पत्रिका, जी दर वर्षी नव्याने भरून मागितली जाते. एकच माणूस पाच दप्तरांत पाच रूपांनी वावरतो, आणि मूल्यांकन समिती येण्याच्या आधीच्या आठवड्यात ही रूपे जुळवण्यासाठी सगळ्यांची धावपळ होते. तीच माहिती पुन्हा पुन्हा लिहून देण्यात शिक्षकांचे जे तास जातात ते शिकवण्यातून आणि प्रयोगशाळेतूनच वजा होतात.

यावर उपाय म्हणून कोणी सुचवतात की सगळ्या दप्तरांतले जुने क्रमांक काढून तेथे ऑर्किड घालावा. आमच्या मते हे चूक आहे. प्रत्येक कर्मचारी संशोधक नसतो. लेखापालाला ऑर्किड कशाला? शिवाय एखाद्याने विसरून दोनदा नोंदणी केलेली असते. अशा वेळी ऑर्किडकडून दोन्ही नोंदी एकत्र केल्या जातात. एक क्रमांक मुख्य राहतो, दुसरा बाद ठरून पहिल्याकडे बोट दाखवतो, आणि तो पुन्हा कोणालाही दिला जात नाही. म्हणून प्रत्येक दप्तराने आपला क्रमांक ठेवावा आणि मध्ये एक जोड-तक्ता असावा, ज्यात सेवार्थ क्रमांक, मार्गदर्शक क्रमांक आणि ऑर्किड एका ओळीत येतात. गावात शेताला ‘आंब्याचे’, ‘ओढ्याकडचे’ अशी नावे असतातच. तलाठ्याचा गट क्रमांक ती पुसत नाही, फक्त वाद पडला की निर्णय गट क्रमांकावर होतो. तसेच हे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. क्रमांक कागदावर लिहून मागवू नये. तपासणी-अंकाने टंकलेखनाची चूक कळते, पण एका पाटलांनी दुसऱ्या पाटलांचा पूर्ण बरोबर क्रमांक लिहून दिला तर ती कळत नाही. म्हणून योग्य रीत अशी, की विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून प्राध्यापकाला ऑर्किडच्या दारात पाठवायचे. तेथे तो आपल्या सांकेतिक शब्दाने आत जातो, विद्यापीठाला काय पाहण्याची व काय लिहिण्याची परवानगी द्यायची ते ठरवतो, आणि मग ऑर्किड स्वतः तो क्रमांक विद्यापीठाला कळवते. दिलेली परवानगी पुढे कधीही काढून घेता येते. नोंदीतील प्रत्येक बाब सर्वांना दिसावी, विश्वासातील संस्थांना दिसावी, की फक्त स्वतःला, हेही संशोधकच ठरवतो.

हे नीट बसले की माहिती दोन्ही दिशांनी वाहू लागते. सभासद विद्यापीठ ‘हे अमुक सालापासून आमच्याकडे नोकरीस आहेत’ अशी ओळ नोंदीत लिहिते, आणि त्या ओळीखाली लिहिणारा कोण तेही दिसते. प्राध्यापकाने स्वतः केलेला दावा आणि संस्थेने दिलेली ग्वाही यांतील फरक त्यामुळे झाकला जात नाही. निबंध पाठवताना प्रकाशक क्रमांक घेतो. निबंध छापून त्याला डीओआय, म्हणजे निबंधाचा कायम क्रमांक मिळाला, की तो आपोआप लेखकाच्या नोंदीत जमा होण्याची सोय २०१५ पासून आहे. मात्र लेखकाने तशी संमती एकदा द्यावी लागते. तेथून विद्यापीठ तो उचलते.

आपल्या देशात गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र या कामाच्या मध्यभागी आहे. पीएच.डी.चे प्रबंध साठवणारी ‘शोधगंगा’ त्यांचीच, तज्ज्ञांची यादी असलेले ‘विद्वान’ही त्यांचेच. ‘विद्वान’ स्वतःचा वेगळा क्रमांक देते, पण त्याच्या शेजारी ऑर्किड नोंदवता येतो, आणि त्यावर उभ्या असलेल्या ‘आयरिन्स’ या प्रणालीत संस्थेतील प्राध्यापकांचे निबंध या क्रमांकांच्या आधारे गोळा होतात.

थोडे सावधपणाचेही बोलले पाहिजे. ऑर्किड असणे ही पदवी नाही; नोंदणी करताना कोणी प्रमाणपत्र तपासत नाही. त्या क्रमांकामागचे काम चांगले की वाईट हेही त्यातून कळत नाही. निबंध मोजणे सोपे झाले की मोजणाऱ्यांचा उत्साह वाढतो आणि वाचणारे कमी होतात, हा धोका आम्हांला खरा वाटतो. आणखी एक व्यवहारातील गोष्ट. कित्येक ठिकाणी ‘आजच्या आज सर्वांचे ऑर्किड काढा’ असा आदेश निघतो आणि एकच लिपिक महाविद्यालयाच्या ई-मेलवर सगळ्यांची खाती उघडून देतो. प्राध्यापक निवृत्त झाले की तो ई-मेल बंद होतो, आणि कुलूप आहे पण किल्ली नाही अशी अवस्था येते. खाते ज्याचे त्यानेच उघडावे आणि त्यात एक खासगी ई-मेलही नोंदवून ठेवावा.

शाळेत शिकवता शिकवता पीएच.डी. करणारे शिक्षक आमच्या वाचकांत आहेत. त्यांनी पहिला निबंध पाठवण्याआधीच नोंदणी केलेली बरी. त्या नोंदीत ‘इतर नावे’ असा एक रकाना असतो. माहेरचे नाव, सासरचे नाव, आडनाव आधी घालून झालेली उलटापालट, सगळे तेथे लिहिता येते, आणि देवनागरीतही लिहिता येते. मराठीतून लिहिलेल्या लेखांना सहसा डीओआय नसतो, त्यामुळे ते आपोआप जमा होत नाहीत. ते हाताने भरावे लागतात. कमला सोहोनींसारख्या दिवंगतांना मात्र ऑर्किड मिळत नाही, कारण तो ज्याचा त्यानेच घ्यायचा असतो. त्यांच्यासाठी ग्रंथालयांच्या जगात आयएसएनआय नावाचा वेगळा क्रमांक आहे. तोही सोळा स्थानांचा असतो आणि तपासणी-अंकाची कृतीही तीच. दोन्हींची सरमिसळ होऊ नये म्हणून ऑर्किडसाठी त्या संख्यांतले पट्टे राखून ठेवलेले आहेत.